मिरगाच्या आत छप्पर

कोकणात घर चालवणाऱ्या बाईचं वर्ष मिरगापासून मिरगापर्यंत मोजलेलं असतं. ७-८ जूनला मृग लागायच्या आत आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून व्हावी लागते. तांदूळ, डाळी, कुळीथ, वर्षाचा मसाला, मीठ, सुकी मासळी, कोरडा लाकूडफाटा. छपराची कौलं परतायची, पावसाच्या तोंडावरच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधायचे, मुलांची वह्या-पुस्तकं आणायची. लग्नं त्याच महिन्यात, मुंबईची माणसं येतात तीही त्याच महिन्यात. आणि हातात थोडाफार पैसा येतो तोही तेव्हाच : काजूबीचा, आंब्याचा, आमसुलांचा. या हाताने आला की त्या हाताने जातो. अशा महिन्यात न ठरवलेला खर्च उभा राहिला तर काय करायचं, हे २०२४ च्या मे महिन्यात आम्हाला शिकावं लागलं. आमच्यासारखी कितीतरी घरं या किनाऱ्यावर आहेत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतला मुलगा. हे एका दुकानात हिशेबाचं काम करतात, पगार १५ हजार. मी रातांब्यांची आमसुलं, त्यांच्या रसाचं आगळ, कुळथाचं पीठ करून विकते. पूर्वी या सगळ्याला सुपारीचा आधार होता. वर्षाला ४० हजारांच्या आसपास सुपारीचे मिळायचे आणि घराची डागडुजी त्यातच भागायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि खाडीच्या अलीकडचा आमचा भागही त्याने झोडपला. आमची निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारीत आडवी झाली. उरलेल्या झाडांखालची जायफळं सावली गेल्यामुळे उन्हाने करपली, ती वेगळीच. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला पाच ते सात वर्षं जातात. म्हणजे २०२४ साली आमची नवी पोफळ माझ्याहून थोडी उंच होती आणि तिच्याकडून एक रुपयाही येत नव्हता.

तात्या सुतार दरवर्षीप्रमाणे कौलं परतायला वर चढले आणि आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईवर, हातोडीची मूठ आपटून बघितली. आवाज पोकळ आला. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा पिवळा भुसा माजघरात खाली पडला. वाळवीने आढं आतून खाल्लं होतं. वरून रंग शाबूत, आकार शाबूत. तात्या खाली उतरले, ओटीवर बसले आणि पाणी पिऊन म्हणाले, "वैनी, आढं गेलंय. वाशे बरे हायत, पन पुडच्या पाख्याच्या रिपा हातात घेतल्या तर मोडतायत. ह्या पावसाला हे छप्पर उभं ऱ्हायल असं मी सांगनार नाय."

रिपा म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या, आणि पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू. संपूर्ण छप्पर दोन्ही पाख्यांसकट वखारीतल्या नव्या लाकडाने करायचं तर त्यांनी अंदाज सांगितला ८५ हजारांचा. दुसऱ्या एकाने सुचवलं, कौलं काढून टाका, लोखंडी अँगलवर पत्रे घाला, वाळवीची कटकटच नको. त्याचा हिशेब लाखाच्या वर गेला. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही, आणि निसर्ग वादळात वाडीतले पत्रे उडून माडांच्या शेंड्यात अडकलेले आम्ही पाहिलेले आहेत. पत्र्याचा विचार त्याच संध्याकाळी सोडला. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या किनाऱ्यावरची घरं या कौलांखाली राहत आली आहेत. फुटलेलं एक कौल काढून दुसरं बसवता येतं, अख्खं छप्पर बदलावं लागत नाही. गरिबाच्या घराला यापेक्षा सोयीचं काय असतं?

त्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. हातात रोख होते १४ हजार, काजूबी आणि आंब्याचे. आगोटीला दरवर्षी ११ हजारांपर्यंत लागतात. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न सगळ्यात आधी डोक्यात येतो, आणि तोच आधी घेतला की माणूस घाबरून जातो. आम्ही कामापासून सुरुवात केली. पावसाच्या आत काय झालंच पाहिजे, आणि काय एक वर्ष थांबू शकतं? आमचं पुढचं पाखं पश्चिमेला आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो आणि सगळी झोड त्या पाख्यावर बसते. मागचं पाखं आडोशाला. तिथल्या रिपाही जुन्या झाल्या होत्या, पण मोडत नव्हत्या. म्हणजे आढं आणि पुढचं पाखं आत्ता, मागचं पाखं पुढच्या वर्षी. तात्यांना सकाळी विचारलं. ते पुन्हा वर चढले, मागच्या रिपा एकेक दाबून बघितल्या आणि म्हणाले, एक पावसाळा निघेल.

मग लाकूड. आढ्याला ऐन किंवा किंजळ घेतात. वखारीत भाव विचारला आणि परत आलो. आपल्या जागेतलं झाड तोडावं म्हटलं तर फणस, ऐन, किंजळ, आंबा ही झाडं स्वतःच्या मालकीची असली तरी वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते, आणि ओलं लाकूड छपराला घालायचं नसतं; ते वाळताना पिळवटतं. तेव्हा सासूबाईंनी आठवण करून दिली की निसर्ग वादळात पडलेला आमचा जुना फणस मामंजींनी तेव्हाच कापून गोठ्याच्या माळ्यावर टाकून ठेवला होता. मामंजी २०२२ साली गेले. त्यांच्यामागे त्या ओंडक्यांकडे कुणी बघितलं नव्हतं. फणसाचं लाकूड वाळवीला दाद देत नाही, आणि हे तर चार वर्षं सावलीत वाळलेलं. तात्यांनी ओंडका रंधून बघितला, आतून हळदीसारखा पिवळा निघाला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "म्हाताऱ्यानं आढं ठेवून गेलाय तुमच्यासाठी," म्हणाले. आढं अखंड एका लांबीचं नसतं, खांबाखांबावर जोडलेलं असतं, त्यामुळे त्या लांबीचे तुकडे निघाले. कापणावळ २,५०० रुपये. वखारीतून फक्त रिपा आणाव्या लागल्या, त्या ९ हजारांच्या.

कौलांचंही तसंच. शेजारच्या वाडीत एका घराने कौलं उतरवून वर स्लॅब टाकला होता. त्यांची जुनी कौलं परसात रचून शेवाळत होती. जुनं कौल वाजवून बघितलं की कळतं : खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर आहे. निवडून घेतलेली कौलं टेम्पोच्या भाड्यासकट ३ हजारांत आली.

तात्यांच्या मजुरीला आम्ही हात लावला नाही. १८ हजार सांगितले, १८ हजार दिले. घासाघीस करायला सांगणारे होते. मला ते कधीच पटत नाही. कारागिराची मजुरी कापून उरलेले पैसे आपण वाचवले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि अर्ध्या मनाने मारलेला खिळा छपरावर किती दिवस टिकतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही काम कमी केलं, दाम कमी केला नाही. मात्र तात्यांच्या हाताखाली रोजावर गडी घेतले असते तर निदान दहा-बारा हजार वाढले असते. ते वाचले सावडीमुळे.

सावड आमच्याकडे अजून आहे, शेतीपुरती तरी. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या लावणीला. पैशाचा व्यवहार नाही, दिवसाला दिवस. यांनी वाडीत चार घरी जाऊन छपरासाठी सावड मागितली. शेतीची सावड छपराला मागायची म्हणून यांना जरा अवघड वाटत होतं. पण कुणीही नाही म्हटलं नाही. एकाने तर उलट विचारलं की आधी का नाही सांगितलंस, मी परवाच मोकळा होतो. कौलं खाली उतरवणं, झाडूने शेवाळ घासणं, ओळीने रचणं, पुन्हा हातोहात वर देणं हे सगळं त्यांनी केलं. बायका खाली कौलं पुसायला बसल्या. जेवणाला भात, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, कैरीचं लोणचं. दोन वेळचा चहा. जेवणाचा सगळा खर्च साडेतीन हजारांत बसला. त्याबदल्यात जुलैमध्ये आम्ही दोघांनी आणि मुलानेही त्यांच्या लावण्या लावल्या. मुलगा पहिल्यांदाच इतका वेळ चिखलात वाकला आणि त्याने एकदाही तक्रार केली नाही, हे इथे लिहून ठेवते.

नवं आढं आणि रिपा वर चढवण्याआधी त्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हे तेल वाळवीला जालीम आहे, पण कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. हाताला खोबरेल चोपडून आणि जुने मोजे घालूनच लावावं, मुलांना जवळ येऊ देऊ नये. खिळे, तेल, आढ्यावरच्या कौलांखालचं सिमेंट मिळून २ हजार. एकूण झाले ३८ हजार.

छप्पर उघडं असताना विहिरीची मोटार जळाली. याबद्दल फार लिहीत नाही. मे महिन्यात संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब उतरतो, आणि दाब कमी असला की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंग जळतं. नवीन मोटार न घेता तांब्याचं वायंडिंग करून घेतलं, ३,२०० रुपये. ॲल्युमिनियमचं स्वस्त पडत होतं, ते नको म्हटलं. मोटार येईपर्यंत रहाटाने पाणी काढलं. आता पंप सकाळीच लावतो. फक्त एक सांगते : मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही असं झालं, तर आधी कपॅसिटर तपासायला सांगा. तो थोडक्या पैशांत बदलता येतो आणि पुष्कळदा दोष तेवढाच असतो. आमचं नशीब तेवढं नव्हतं.

तर ४१,२०० रुपये उभे करायचे होते आणि हातात १४ हजार होते.

पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तोच आला : माझ्याकडची आमसुलं विकून टाकायची. एप्रिल-मे हा रातांब्यांचा हंगाम. साली आगळात भिजवून, उन्हात वाळवून, पुन्हा भिजवून माझी २५ किलो आमसुलं तयार होती. व्यापारी दारात येऊन १८० रुपये किलोने न्यायला तयार होता, रोख. पण तीच आमसुलं गणपतीत मुंबईची माणसं परत जाताना माझ्याकडून ३२० रुपयांनी नेतात. किलोमागे १४० रुपयांचा फरक, २५ किलोंवर साडेतीन हजार. वाडीतल्या कितीतरी बायका मे महिन्याच्या नडीपायी वर्षानुवर्षं हा फरक व्यापाऱ्याला देत आल्या आहेत. व्यापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला आपली नड दिसते आणि तो त्या नडीचा भाव करतो. आमसुलं विकायची नाहीत असं मी ठरवलं. मीठ लावून बरणीत घट्ट भरली की ती पावसाळाभर उत्तम राहतात.

पोस्टात माझी आरडी आहे, महिन्याला ५०० रुपयांची, जानेवारी २०२१ मध्ये उघडलेली. तिच्यात २० हजार भरले गेले होते. ती मोडू या, असं हे म्हणाले. पोस्टात विचारल्यावर कळलं की तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मग ठरलेलं ५.८ टक्के व्याज मिळत नाही, बचत खात्याचं ४ टक्के मिळतं. त्याऐवजी बारा हप्ते भरून झालेले असले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजाने. म्हणजे मला ७.८ टक्क्यांनी १० हजार मिळत होते आणि आरडी चालू राहत होती. ही सोय पोस्टात खातं असलेल्या आमच्या वाडीतल्या एकाही बाईला माहीत नव्हती. मी आता भेटेल तिला सांगते.

राहिले १७ हजारांच्या वर. आमच्या बचत गटात शेकडा दोनने मिळतात, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ते व्याज शेवटी गटाच्याच पेटीत जातं, सावकाराच्या घरी जात नाही, म्हणून मला त्याचं वावडं नाही. पण मे महिन्यात सगळ्यांनाच पैसे लागतात आणि माझ्यापेक्षा अडलेल्या दोघीजणी रांगेत होत्या. आठवड्याला हप्ता गोळा करणारी माणसंही गावात फिरतात. आधार कार्ड द्या, दोन दिवसांत पैसे घ्या. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना तिच्या दारात बसवतात, हे मी बघितलेलं आहे. तिकडे आम्ही गेलो नाही. माझी चेन बँकेत ठेवली. सोन्यावर वर्षाला ९ टक्क्यांच्या आसपास व्याज पडलं. १८ हजार घेतले. पाच महिन्यांचं व्याज काढलं तर पावणेसातशे रुपये होतं, आणि आमसुलं थांबवल्याने मिळणार होते साडेतीन हजार. वहीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला शांत झोप लागली.

सासूबाईंना चेन बँकेत गेलेली रुचली नव्हती. त्यांच्या काळात दागिना घराबाहेर गेला की परत येत नसे, त्यांच्या आईचं तसंच झालेलं. मी पावती त्यांच्या हातात दिली, त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवायला सांगितली आणि दर महिन्याला किती फेडलं ते त्यांना येऊन सांगायचं कबूल केलं. ते मी पाळलं.

दुसरा अवघड विषय मोठ्या भाऊजींचा. घर सामाईक आहे, सातबारावर दोघा भावांचं नाव आहे. भाऊजी डोंबिवलीला असतात, त्यांच्याही नोकरीचं त्या वर्षी खरं नव्हतं. यांना भावाकडे पैसे मागायचा संकोच. मीच फोन केला. म्हटलं, "भाऊजी, आढं गेलंय, फोटो पाठवलेत ते बघा. तुमच्याकडून आत्ता किती जमेल ते मोकळेपणाने सांगा, नाही जमलं तरी आम्ही समजू." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आत्ता एकरकमी नाही जमणार, पण यंदाचा गणपती सगळा माझा. मूर्ती, किराणा, भटजी, भजनाचा चहा-फराळ, सगळं. ७ सप्टेंबरला गणपती होते आणि आमच्या घरी त्या दिवसांत पंधरावीस माणसं जेवायला असतात. दरवर्षी आमच्या वाट्याला दहा-बारा हजार येतात. ते वाचणं म्हणजे छपराला हातभार लागणंच होतं. पैसे कधी आणि कशाच्या रूपाने देता येतील हे देणाऱ्याला ठरवू दिलं तर नातीही टिकतात, असं मला तेव्हापासून वाटतं. वहिनींनी येताना आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी, चार महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही आणल्या, त्यांच्या तिथल्या जनऔषधी केंद्रातून. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून दिलं तर त्याच गोळ्या बऱ्याच कमी पैशांत मिळतात.

आता घरखर्चाचं. पावसाळ्याचे चार महिने आम्ही खरोखर ताणून काढले. आगोट ११ हजारांवरून साडेसात हजारांवर आणली. तांदूळ घरचा होता. तूरडाळ निम्मी घेतली आणि कुळीथ दुप्पट. कुळथाची पिठी, कुळथाचं कढण, मोड आलेल्या कुळथाची उसळ. आठवड्यातून तीनदा कुळीथ शिजला. जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते, म्हणून सुकी मासळी आधीच घ्यावी लागते. हर्णैला एप्रिलमध्येच जाऊन जवळा आणि बोंबील आणले होते. मे अखेरीला सगळे घ्यायला धावतात तेव्हा भाव चढतो. सुकट पुन्हा एकदा कडक ऊन दाखवून पत्र्याच्या डब्यात भरली, तळाला आणि वर कागद घालून. फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवल्या, त्या गौरीपर्यंत पुरल्या. आंबोशी, सांडगे, फणसाचे पापड घरचे होतेच.

पाऊस पडला की परसात आणि बांधावर भाजीला तोटा नसतो. पहिल्या पावसाबरोबर टाकळा येतो, मग फोडशी, भारंगी, कुर्डू. अळू तर पाणेरीला बारा महिने. टाकळ्याची कोवळी पानं कांद्यावर परतून ओलं खोबरं घातलं की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. मृगात पडवळ, शिराळी, काकडी, भेंडी लावली, ती श्रावणात हाताशी आली. त्यामुळे जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत कांदे-बटाटे सोडले तर भाजी विकत आणलीच नाही. पहिल्या जोराच्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा मुलगा आणि हे खालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, गेले आणि दोन वेळचं कालवण झालं.

काही गोष्टींना कात्री लावायची नाही हेही आधीच ठरवलं होतं. आईंच्या गोळ्या आणि त्यांचं पावशेर दूध. मुलाची अंडी आणि गणिताची शिकवणी. काटकसर म्हटली की घरातली बाई पहिल्यांदा स्वतःच्या ताटातलं कमी करते, हे मी माझ्या आईच्या घरी पाहिलं आहे आणि त्याचा मला आजही राग येतो. यांनी एक नियम घातला की चौघांची ताटं एकदम वाढायची. साधा नियम, पण तो चारही महिने पाळला गेला.

विजेचं बिल १०० युनिटच्या आत ठेवायचं. पहिल्या १०० युनिटला जो दर लागतो त्याच्या दुपटीहून जास्त विजेचा दर १०१ व्या युनिटपासून लागतो. एक अश्वशक्तीचा पंप तासाला जवळपास एक युनिट खातो. पावसात परसाला पाणी लागत नाही, मग पंप रोज कशाला? पिण्या-वापरण्याची टाकी दिवसाआड भरली. अंघोळीचं पाणी चुलीवर, नारळाच्या सोडणांवर आणि झावळ्यांवर. त्यामुळे गॅस फक्त स्वयंपाकाला उरला. मार्च २०२४ मध्ये सिलिंडर १०० रुपयांनी उतरला होता तरी भरलेला सिलिंडर ८०० च्या वरच पडत होता, आणि आमचा एक सिलिंडर त्या पावसाळ्यात अडीच महिन्यांच्या पुढे गेला. जुलैत मोबाइलचे दर वाढले तेव्हा घरातल्या दोन फोनपैकी एकालाच नेट ठेवलं. हे सगळं मिळून महिन्याला दोन-अडीच हजार रुपये बाजूला पडत होते आणि ते सरळ बँकेत चेनीच्या खात्यावर भरत होतो.

सगळ्यात जड गेलं ते लग्नाचं. मे अखेरीला माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, चिपळूणला. आहेराला साडी आणि हजार रुपये पाकिटात घालायची आमची रीत. मी मामेबहिणीला आधीच फोन करून छपराचं सांगितलं आणि म्हटलं, साडी देते, पाकीट या वर्षी नाही. ती म्हणाली, अगं, साडीही राहू दे, तू दोन दिवस आधी ये आणि रुखवताचं बघ. मी गेले. रुखवत मनापासून मांडलं, घरचे सांडगे-पापड त्यात ठेवले. मंडपात मला एकदाही खाली बघावं लागलं नाही.

गणपतीत २५ किलो आमसुलं आणि आगळाच्या बाटल्या संपल्या. आमसुलांचे ८ हजार आले. दिवाळीच्या आत चेन सुटली. आईंनी पावती देव्हाऱ्याच्या खणातून स्वतः काढून दिली. दिवाळीनंतर लाकडाला गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हाच तात्यांना घेऊन मागच्या पाख्याच्या रिपा आणल्या आणि गोठ्यात आडव्या टाकून वाळत ठेवल्या. एप्रिल २०२५ मध्ये मागचं पाखंही झालं, पुन्हा सावडीने. बरं झालं. त्या वर्षी वीस मेपासूनच पाऊस सुरू झाला आणि २५ मेला मान्सून कोकणात उतरला, मिरगाच्या दोन आठवडे आधी. वाडीत दोन घरांची कौलं तेव्हा खाली होती. आम्ही ताडपत्र्या घेऊन धावलो, आणि पावसाने उसंत दिली तशी त्यांची छपरं पुरी केली. त्यांची सुकी मासळी आणि लाकूडफाटा भिजला, तो आमच्यातला काही त्यांना दिला.

पोस्टाचं कर्ज फिटलं आहे. आरडीची मुदत जानेवारी २०२६ पर्यंतची, आणि ते पैसे घरालाच लावायचे हे नक्की आहे. आईंचं म्हणणं, न्हाणीघराची भिंत ओल धरते आहे, ती आधी. यांचं म्हणणं, वायंडिंग केलेली मोटार किती चालणार, ती आधी. मी दोन्हींचे भाव काढून वहीत लिहून ठेवले आहेत.